हशा कोणाचा, टाळ्या कोणाला?

१३ ऑगस्ट आणि १३ जून या दोन तारखा जवळ आल्या की मराठी वर्तमानपत्रांना आचार्य अत्रे यांची आठवण होते. पहिली त्यांच्या जन्माची तारीख, दुसरी निधनाची. त्या दिवशी ठरलेल्या चौकटीत ठरलेले किस्से छापले जातात. अत्रे अमक्याला काय म्हणाले, तमक्याची कशी जिरवली, भर सभेत कोणाची टोपी कशी उडवली. यांतले निम्मे किस्से अत्र्यांचे असतातच असे नाही. ज्या विनोदाला बाप सापडत नाही तो अत्र्यांच्या नावावर खपवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. वाचक हसतो, पान उलटतो आणि अत्रे पुन्हा वर्षभरासाठी कपाटात जातात.

प्रश्न असा आहे की, एवढ्या मोठ्या माणसाचा केवळ विनोदाचा खुळखुळा कोणी केला आणि का केला? विनोद हा अत्र्यांचा स्वभाव होता, हत्यारही होते. हत्याराची चमक तेवढी दाखवायची आणि ते कोणावर चालवले हे मात्र सांगायचे नाही, हा प्रस्थापित प्रसारमाध्यमांचा नेहमीचा खाक्या आहे. म्हणूनच अत्र्यांच्या आयुष्यातील तीन तारखा किश्श्यांच्या चौकटीत सहसा दिसत नाहीत. १३ एप्रिल १९४७, ४ जानेवारी १९५४ आणि ७ डिसेंबर १९५६. या तिन्ही तारखांचा संबंध परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी आहे. चळवळीच्या वाचकाने अत्र्यांकडे या तीन तारखांच्या खिडकीतून पाहिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कऱ्हाकाठचा माणूस

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुणे जिल्ह्यातील सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. हा पुरंदर तालुका, कऱ्हा नदीचा मुलूख. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले तेही ‘कऱ्हेचे पाणी’. याच पुरंदर तालुक्यातील खानवडी हे क्रांतिबा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे गाव. पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी पेठ येथे क्रांतिगुरू लहुजी साळवे जन्मले. इंग्रजांनी १८३२ साली फासावर दिलेले उमाजी नाईक भिवडीचे, म्हणजे तेही याच तालुक्यातले. एकाच तालुक्याच्या मातीने माळी, मांग, रामोशी आणि ब्राह्मण घरांत अशी माणसे दिली. यातल्या ब्राह्मण घरातल्या मुलाने पुढे माळी घरातल्या महापुरुषावर चित्रपट काढावा, ही गोष्ट साधी नाही. जातीच्या हिशेबात ती बसत नाही, म्हणूनच ती सांगावी लागते.

अत्रे मूळचे शिक्षक. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते पुण्याच्या लष्कर भागात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिकवू लागले आणि पुढे तेथेच मुख्याध्यापक झाले. शिक्षणशास्त्राची पदविका घेण्यासाठी ते लंडनला जाऊन आले. मुलांसाठी त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. पुस्तकातील धडा रुक्ष असेल तर मूल शाळेला कंटाळते आणि कंटाळलेले मूल शाळा सोडते, हे ज्याला कळले तोच शिक्षक. आपल्या वस्त्यांतील किती मुले अशा कंटाळ्यापायी शाळेबाहेर पडली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

‘केशवकुमार’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या शिक्षकाने १९२५ साली ‘झेंडूची फुले’ हा विडंबन काव्यसंग्रह काढला. त्या काळी रविकिरण मंडळाच्या कवींचा पुण्यात दबदबा होता. प्रेयसीच्या आठवणीने व्याकूळ होणारी, जड शब्दांनी नटलेली त्यांची कविता म्हणजेच साहित्य, असे मानले जात होते. अत्र्यांनी त्या शैलीचा फुगा टाचणीने फोडला. नंतर रंगभूमीवर ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३), ‘घराबाहेर’ (१९३४), ‘लग्नाची बेडी’ (१९३६) अशी एकापाठोपाठ एक नाटके आली. मराठी रंगभूमी बोलपटाच्या धक्क्याने मोडकळीला आलेली असताना या नाटकांनी नाट्यगृहे भरली. कितीतरी वर्षांनी, १९६२ साली आलेल्या ‘तो मी नव्हेच’ने तर कहर केला. नावे, वेष आणि बोली बदलून बायकांना फसवणारा लखोबा लोखंडे आजही मराठी माणसाला पाठ आहे. वेष बदलला की माणूस कसा सोवळा दिसतो, हे त्या नाटकाने दाखवले. राजकारणात असे लखोबा आपल्याला पावलोपावली भेटतात.

पडद्यावरचे ढोंग

मराठी बोलपट सुरू झाला १९३२ साली. सुरुवातीची वर्षे देवादिकांची, राजामहाराजांची आणि संतांच्या चमत्कारांची होती. पडद्यावर आजचा माणूस, आजचा पोशाख, आजची भाषा दिसावी आणि त्या माणसाच्या ढोंगावर लोकांनी पोट धरून हसावे, ही वाट रुंद करणाऱ्यांत पटकथाकार अत्रे आणि दिग्दर्शक मास्टर विनायक ही जोडी आघाडीवर होती. ‘धर्मवीर’ (१९३७), ‘ब्रह्मचारी’ (१९३८), ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९), ‘अर्धांगी’ (१९४०) हे हंस पिक्चर्सचे चित्रपट त्यांच्या लेखणीतून उतरले.

या पटकथांची रचना पाहण्यासारखी आहे. ‘धर्मवीर’मध्ये धर्माचा टिळा लावून मिरवणाऱ्या प्रतिष्ठिताची खरी करणी उघडी पडते. ‘ब्रह्मचारी’मध्ये एक तरुण व्याख्यान ऐकून भारावतो, ब्रह्मचर्याची शपथ घेतो, जोर-बैठका काढतो, आणि एका तरुणीची गाठ पडताच शपथेचे काय होते ते प्रेक्षक पाहतो. ‘ब्रँडीची बाटली’मध्ये दारूचे तोंडही न पाहिलेला एक भाबडा कारकून औषधासाठी ब्रँडी शोधत गावभर फिरतो. तिन्हीकडे विनोद शब्दांच्या कोलांटउड्यांत नाही. माणूस तोंडाने एक सांगतो आणि वागतो दुसरेच, या फटीत तो आहे. पटकथाकाराचे काम एवढेच की, ती फट प्रेक्षकाला दिसेल अशी जागा निवडायची आणि दिवा लावायचा. ज्या समाजव्यवस्थेत ‘सर्वांभूती एकच ईश्वर’ असे सांगून विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्या व्यवस्थेइतकी मोठी फट जगात दुसरीकडे कोठे सापडणार? विनोदी लेखकाला एवढा कच्चा माल दुसऱ्या कोणत्याही देशाने दिला नसेल!

पुढे अत्र्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली. ‘पायाची दासी’ (१९४१), ‘वसंतसेना’ (१९४२) असे चित्रपट झाले. यश आले, कर्जही आले. १९५३ साली साने गुरुजींच्या पुस्तकावर त्यांनी ‘श्यामची आई’ काढला. १९५४ मध्ये देशात पहिल्यांदाच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही ते असते.

परंतु त्याच्या पुढच्याच वर्षी काय झाले, हे मात्र सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

४ जानेवारी १९५४

सुवर्णपदकाची घोषणा व्हायची होती, तेव्हाच अत्र्यांनी पुढच्या चित्रपटाचे काम हाती घेतले होते. नाव होते ‘महात्मा फुले’. लेखन, निर्मिती, दिग्दर्शन सर्व अत्र्यांचे. ४ जानेवारी १९५४ रोजी मुंबईच्या फेमस स्टुडिओत या चित्रपटाचा मुहूर्त झाला आणि तो झाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा चांगली नव्हती. बौद्ध धम्माच्या अभ्यासात आणि लेखनात ते गढलेले होते. तरीही ते आले. कारण तो मुहूर्त एखाद्या नटाच्या किंवा कंपनीच्या मानाचा नव्हता, तो त्यांच्या गुरूचा होता. १९४६ साली प्रसिद्ध झालेला शूद्रांविषयीचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी जोतीरावांना अर्पण केला होता. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असे त्यांनी याच १९५४ साली मुंबईच्या जाहीर सभेत सांगितले.

जोतीरावांची भूमिका बाबुराव पेंढारकरांनी केली, सावित्रीमाईंची सुलोचनाबाईंनी. हातात खराटा घेऊन गावे झाडणारे आणि माणसांची डोकीही झाडणारे संत गाडगेबाबा या चित्रपटात कीर्तन करताना दिसतात. पुढील पिढ्यांसाठी गाडगेबाबांचे चालते-बोलते रूप जतन झाले ते या चित्रपटामुळे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांत, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबाही गेले. एकाच चित्रपटाच्या जन्मकथेत फुले, आंबेडकर आणि गाडगेबाबा ही तीन नावे एकत्र यावीत, याहून मोठी ऐतिहासिक ठेव कोणती?

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. काळ लक्षात घ्या. धनंजय कीरांचे इंग्रजी फुलेचरित्र यायला अजून दहा वर्षे होती. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केले ते १९६९ साली, म्हणजे चित्रपटानंतर पंधरा वर्षांनी. तोपर्यंत सत्यशोधक चळवळीबाहेरच्या माणसाला जोतीराव वाचायचे म्हटले तरी पुस्तके मिळणे कठीण. अशा काळात अत्र्यांनी जोतीरावांना पडद्यावर उभे केले. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंतही फुले पोहोचवण्याचा तो मार्ग होता.

मग ‘श्यामची आई’ घरोघरी पोहोचली आणि ‘महात्मा फुले’ विस्मरणात का गेला? दोन्हीचा लेखक एकच, दिग्दर्शक एकच, दोन्हींना राष्ट्रपतींची पदके. साने गुरुजींविषयी आम्हाला आदरच आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावणारा हा माणूस होता. प्रश्न गुरुजींचा नाही, स्मरणशक्ती चालवणाऱ्यांचा आहे. कोकणातल्या ब्राह्मण घरातील सोशिक आई सर्वांना चालते. डोळ्यांत पाणी येते आणि कोणाच्याही हितसंबंधाला धक्का लागत नाही. शेण आणि चिखल अंगावर झेलत शाळेत जाणारी सावित्रीमाई मात्र प्रेक्षकाला विचारते, की ते शेण फेकणारे कोण होते? तो प्रश्न ज्यांना नको आहे त्यांनी चित्रपटच नजरेआड केला. जाळपोळ नाही, बंदी नाही. नुसते दाखवायचे नाही. विसरायला लावणे ही बंदीची सर्वांत स्वस्त रीत आहे.

रडणाऱ्या लाखोंपुढे

पहिली आणि तिसरी तारीख आता पाहू. १३ एप्रिल १९४७ रोजी अत्र्यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकाने आंबेडकर विशेषांक काढला. ‘नवयुग’ त्यांनी १९४० साली सुरू केले होते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाल्यावर विशेषांक काढणारे पुष्कळ झाले. १९४७ च्या एप्रिलमध्ये देशातील बहुतेक वर्तमानपत्रे काँग्रेसच्या तालावर चालत होती, बाबासाहेबांना ब्रिटिशांचे हस्तक म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. त्या दिवसांत एकेकाळी काँग्रेसमध्ये वावरलेल्या संपादकाने असा अंक काढला, हे विसरता येत नाही.

‘मराठा’ हे दैनिक अत्र्यांनी सुरू केले १५ नोव्हेंबर १९५६ रोजी. ते तीन आठवड्यांचे झाले आणि ६ डिसेंबर उजाडला. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप देण्यासाठी जनसागर लोटला. तेथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. त्या अंत्यसंस्काराच्या वेळी आचार्य अत्र्यांनी भाषण केले. ज्याने आयुष्यभर लाखोंना हसवले, तो माणूस त्या दिवशी रडणाऱ्या लाखोंपुढे उभा होता. त्याच्या पोतडीत त्या दिवशी एकही विनोद नव्हता. बाबासाहेबांचे बंड असत्याविरुद्ध, अन्यायाविरुद्ध आणि ढोंगाविरुद्ध होते, हे त्याने त्या वेळी सांगितले आणि नंतर ‘मराठा’तून पुनःपुन्हा लिहिले. ढोंगाविरुद्ध हा शब्द महत्त्वाचा आहे. अत्र्यांच्या लेखणीचा आणि बाबासाहेबांच्या लढ्याचा धागा जेथे जुळतो ती जागा हीच.

या दोघांचे सर्वच बाबतींत एकमत होते असे नाही. भाषावार प्रांतरचनेवर १९५५ साली लिहिताना बाबासाहेबांनी मुंबईचे स्वतंत्र राज्य आणि उर्वरित महाराष्ट्राचे तीन भाग सुचवले होते. अत्रे तर मुंबईसह एकसंध महाराष्ट्रासाठी रान उठवत होते. परंतु मतभेद झाला म्हणून अत्र्यांच्या आदराला ओहोटी लागली नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन सामील झाले. १९५७ च्या निवडणुकीत समितीच्या बळावर कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच निवडणुकीत अत्रे आमदार झाले. शाहीर अमरशेख, अण्णाभाऊ साठे यांची डफावरची थाप आणि अत्र्यांची तोफ एकाच व्यासपीठावर धडाडली. १ मे १९६० चा महाराष्ट्र या सगळ्यांच्या श्रमातून आला. तो कोणाच्या ताब्यात गेला, ही गोष्ट निराळी.

आपल्या घरची हशाची परंपरा

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विनोद हे पुण्याच्या पेठांनी बहुजनांना दिलेले दान आहे, असा समज पद्धतशीर पसरवला गेला आहे. तो खोटा आहे. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. शेतकरी नवरा-बायकोला ग्रह-दशेची भीती घालून लुबाडणारा जोशी त्यात आहे आणि त्या लुबाडणुकीवर मध्येमध्ये बोट ठेवणारा विदूषकही आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खुशमस्कऱ्या असतो. जोतीरावांचा विदूषक लुटल्या जाणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो. मराठी विनोदाची ही पहिली मोठी फेरमांडणी होय आणि ती एका माळ्याने केली.

त्यानंतर सत्यशोधक जलसे आले. तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवणाऱ्या मुकुंदराव पाटलांनी १९१३ साली ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहून पोथीच्या थाटातच कुलकर्ण्यांची लबाडी चव्हाट्यावर मांडली. मग भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांचे आंबेडकरी जलसे आले. गण-गौळणीची जागा भीमवंदनेने घेतली आणि सोंगाड्याने देवभोळेपणाची, सावकाराची, पाटलाची रेवडी उडवली. आपल्या अनेक सभांचे काम जलशाचा एक कार्यक्रम करतो, असे बाबासाहेब मानत, हे जुन्या कार्यकर्त्यांनी आवर्जून नोंदवून ठेवले आहे. हसणारा माणूस घाबरत नाही. ज्या देवाच्या, ज्या पुरोहिताच्या, ज्या पाटलाच्या ढोंगावर माणूस एकदा मोकळेपणाने हसला, त्याच्यापुढे तो पुन्हा पूर्वीसारखा वाकत नाही. म्हणूनच सत्तेला मोर्चापेक्षा कधी कधी हशा जास्त बोचतो.

या परंपरेत अत्र्यांची जागा कोणती? ते घरचे नव्हेत, परंतु परकेही नव्हेत. शेजारच्या वाड्यातून भिंत ओलांडून आलेला तो सोबती होता. सोबत्याचे मोजमाप करतानाही माप खरे लावावे. अत्र्यांचा विनोद नेहमीच ढोंगावर पडला असे नाही. वैर पेटले की तो माणसाच्या अंगावर, रूपावर, खासगी आयुष्यावर घसरे. ना. सी. फडक्यांशी त्यांचा वाद किती वर्षे आणि कोणत्या पातळीवर चालला हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. अतिशयोक्ती हा तर त्यांच्या जिभेचा धर्मच होता, दहा हजार वर्षांचा हिशेब ते बोलता बोलता मांडत. या गोष्टींचे समर्थन करण्याचे आपल्याला कारण नाही. दुबळ्याच्या व्यंगावर हसणे आणि बलदंडाच्या ढोंगावर हसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांत काळ्या रंगाला, जाड बाईला, गावाकडच्या बोलीला आणि वस्तीतल्या नावांना हसण्याचे पीक आले आहे. अत्र्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी त्यांच्यातला हाच टाकाऊ भाग उचलला आणि ‘महात्मा फुले’ काढणारा अत्रे टाकून दिला.

‘पेशवाई’ शब्दाची भीती

आता २०२५ सालाकडे येऊ. अनंत महादेवन यांनी दिग्दर्शित केलेला ‘फुले’ हा हिंदी चित्रपट जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिल २०२५ रोजी प्रदर्शित व्हायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले. सेन्सॉर बोर्डाने बदल सुचवले. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द आणि मनूच्या व्यवस्थेचा उल्लेख त्यांना खटकला. जयंतीचा मुहूर्त हुकला आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. १९५४ सालच्या जोतीरावांवरील चित्रपटाला भारत सरकारने राष्ट्रपतींचे पदक दिले आणि एकाहत्तर वर्षांनी त्याच जोतीरावांवरील चित्रपटातले शब्द सरकारी मंडळाला टोचू लागले. याला प्रगती म्हणायचे की अधोगती, हे वाचकांनीच ठरवावे. जोतीरावांच्या आयुष्यातून पेशवाई काढायची आणि महार-मांग काढायचे, तर उरतो काय? एक भला गृहस्थ, ज्याने उगीचच शाळा काढल्या!

या शब्दाची भीती किती पोकळ आहे हे पाहायचे असेल तर भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीला यावे. तानसा नदीकाठचे हे गाव. शेजारी अकलोली आणि गणेशपुरी, सगळीकडे गरम पाण्याची कुंडे. टेकडीवर किल्ल्यासारख्या तटाचे देवीचे मंदिर आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाचा नवस फेडण्यासाठी ते बांधले गेले. बावन्न पायऱ्या चढून भाविक वर जातो. म्हणजे येथे पेशवाई दगडात उभी आहे. तिचा पराक्रम शाळेच्या सहलीला सांगता येतो, मार्गदर्शकाच्या तोंडी तो शब्द अभिमानाने येतो. मग त्याच पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला फांदी बांधावी लागे, ही आठवण निघाली की तोच शब्द आक्षेपार्ह कसा होतो? विजयाची पेशवाई चालते, अन्यायाची पेशवाई चालत नाही! अत्रे आज असते तर एवढ्या एका विसंगतीवर त्यांनी तीन अंकी प्रहसन लिहिले असते आणि सेन्सॉर बोर्डाला पहिल्या रांगेचे पास पाठवले असते.

वज्रेश्वरीचा परिसर म्हणजे आगरी, कुणबी, आदिवासी आणि बौद्ध समाजाचा. आजूबाजूच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे हंगामभर राबतात. उचल घेतलेली असते, ती फिटता फिटत नाही. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालचा आहे आणि जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालची. येथे चैत्र अमावास्येला मोठी जत्रा भरते. त्याच्या थोडे आधी ११ एप्रिलची फुले जयंती आणि १४ एप्रिलची भीम जयंती होऊन जाते. एकेकाळी महाराष्ट्रातल्या जत्रांत तंबूतले सिनेमे लागत. दिवसभर नवस फेडून थकलेला माणूस रात्री तंबूत जमिनीवर बसून चित्रपट बघे. तंबू गेले, पण पडदा लावायला आता तंबूची गरज उरलेली नाही. एक पांढरी चादर, एक प्रोजेक्टर आणि विहारापुढचे अंगण पुरते.

आपण काय करावे?

आमची सूचना साधी आहे. ११ ते १४ एप्रिल या चार रात्रींपैकी एक रात्र डीजेला सुट्टी द्या. त्या रात्री वस्तीत अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ दाखवा. दुसऱ्या रात्री २०२४ साली आलेला ‘सत्यशोधक’ किंवा २०२५ चा ‘फुले’ दाखवा. नंतर मुलामुलींना बसवून विचारा, की १९५४ मध्ये काय दाखवता आले, आज काय दाखवता येत नाही आणि का? डीजेच्या भिंतीवर जो पैसा एका रात्रीत धुरासारखा उडतो, त्याच्या छोट्या हिश्शात हे होते. वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबांना बोलवा. आगरी-कुणबी शेजाऱ्यांना बोलवा. जोतीराव एकट्या बौद्ध वस्तीचे नाहीत, ते त्यांचेही आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

दुसरी सूचना आपल्या लिहित्या तरुणांना. आपल्याकडे कवी ढिगाने आहेत, वक्तेही कमी नाहीत. पटकथा लिहिणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि विनोदी पटकथा लिहिणारे त्याहून कमी. आपले दुःख आपण भरपूर सांगितले, ते सांगणे गरजेचेच होते. पण ज्या व्यवस्थेने ते दुःख दिले तिचा हास्यास्पदपणा आपण पडद्यावर अजून पुरता मांडलेला नाही. भाड्याने खोली देताना आडनाव विचारून गप्प होणारा घरमालक, संविधानाची शपथ घेऊन सत्यनारायण घालणारा अधिकारी, ‘आम्ही जात मानत नाही’ असे म्हणून पोटजातीसह वधू-वराची जाहिरात देणारे सुशिक्षित कुटुंब, ही पात्रे रोज आपल्यासमोर वावरत आहेत. माणूस तोंडाने एक सांगतो आणि वागतो दुसरेच, ती फट येथे सताड उघडी आहे. अत्र्यांनी ‘ब्रह्मचारी’ लिहिताना जे कसब वापरले ते कोणा एका जातीची मिरासदारी नाही. ते शिकता येते. भाषा आपल्याकडे आहे, अनुभव आहे आणि ‘तृतीय रत्न’च्या विदूषकाचा वारसा तर कागदावर नोंदलेला आहे.

१३ जून १९६९ रोजी आचार्य अत्रे गेले. त्यांच्या नावाने रंगमंदिरे झाली, चौक झाले, किश्श्यांची पुस्तके झाली. ज्यांना किस्से हवेत त्यांनी किस्से खुशाल घ्यावेत. आपण मात्र ४ जानेवारी १९५४ ची सकाळ घ्यावी. मुहूर्ताला उभे असलेले बाबासाहेब, त्यांच्या शेजारी उभा तो धिप्पाड विनोदी लेखक आणि कॅमेऱ्यापुढे येऊ घातलेले जोतीराव. त्या दिवशी सुरू झालेले काम अर्धेच राहिले आहे. ते पुढे नेणारी लेखणी आता आपल्या वस्तीतून निघाली पाहिजे.

जय जोती! जय भीम!